बुद्धिबळाच्या पटावरची व्हेरा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांच्याविषयी मंडळातील सुशिक्षित भगिनींनी मागच्या अंकांतून सुंदर लेख लिहिले आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्या पंक्तीला बसून मी नवे काय वाढणार? पण मनात एक नाव दीड-दोन वर्षे घोळत होते. त्या बाईचे नाव आपल्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकले असेल, म्हणून धीर करून लिहिते.

झाले असे की, २०२४ च्या सप्टेंबरात हंगेरी देशातील बुडापेस्ट शहरी बुद्धिबळाचे ऑलिंपियाड झाले आणि त्यात आपल्या भारताच्या मुलींनी पहिला क्रमांक मिळविला. त्या संघात नागपूरची दिव्या देशमुख होती आणि संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. आमच्या घरी मोठा आनंद झाला. मुलाने सांगितले की, मुलींना जो चषक मिळाला त्याचे नाव व्हेरा मेन्चिक चषक. मी विचारले, ही कोण बाई? त्याला नीटसे सांगता येईना. मग त्याने शोधून शोधून वाचून दाखविले आणि मी भाजी निवडता निवडता ऐकले. नंतर मात्र वही घेऊन बसले.

मला हा खेळ थोडा येतो. माहेरी ओसरीवर वडील आणि काका रोज संध्याकाळी पट मांडीत. चहाचे कप नेऊन ठेवायचे आणि रिकामे कप उचलायचे, एवढाच माझा त्या पटाशी संबंध. पण कप उचलताना जरा रेंगाळले, की घोडा अडीच घरे कसा जातो, उंट तिरपा कसा जातो, हे आपोआप कळत गेले. खेळायला मात्र मला कोणी बसविले नाही आणि मीही कधी मागितले नाही. व्हेराची हकीकत ऐकताना मला ती ओसरी सारखी आठवत होती.

व्हेराचा जन्म १६ फेब्रुवारी १९०६ रोजी रशियात मॉस्को येथे झाला. वडील फ्रान्टिशेक मेन्चिक हे चेक, बोहेमिया प्रांतातले. रशियातील उमराव लोकांच्या जमीनजुमल्याचा कारभार ते पाहात. आई ओल्गा ही इंग्रज, तिकडच्या श्रीमंत घरी मुलांना शिकवायला गेलेली. असे हे दोन देशांचे जोडपे तिसऱ्या देशात संसार करीत होते. व्हेराच्या पाठीवर एक बहीण झाली, तिचेही नाव आईचेच, ओल्गा. घरची स्थिती चांगली होती. वडिलांची स्वतःची एक गिरणी होती. व्हेरा नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा संच आणून दिला आणि खेळ शिकविला. मुलीला बाहुली न देता पट दिला, हे मला त्या वडिलांचे विशेष वाटते.

पुढे १९१७ साली रशियात क्रांती झाली. गिरणी गेली. राहत्या मोठ्या घरात दुसरी कुटुंबे येऊन राहिली. तशाही दिवसांत शाळेत मुलांची स्पर्धा झाली तेव्हा चौदा वर्षांची व्हेरा खेळली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकात आली. परंतु घर सावरेना. १९२१ साली कुटुंबाने रशिया सोडला. वडील बोहेमियात गेले आणि आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडला आपल्या माहेरी गेली. हेस्टिंग्ज नावाचे समुद्रकाठचे गाव आहे, तेथे आजीच्या आसऱ्याला या तिघी राहिल्या. नवऱ्याशिवाय दोन वाढत्या मुली घेऊन माहेरी येणे म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

व्हेरा पंधरा वर्षांची. इंग्रजी येत नव्हते, बोलणे सारे रशियन. मैत्रिणी नाहीत. गावात बुद्धिबळाचा क्लब होता, पण तेथे जायचाही तिला संकोच. शेवटी १९२३ च्या मार्च महिन्यात ती त्या क्लबची सभासद झाली. बुद्धिबळाला बोलावे लागत नाही. समोरच्याची भाषा न येताही तासन् तास बसता येते. मुक्या झालेल्या मुलीला हा खेळ किती जवळचा वाटला असेल! तिला आधी क्लबातील एका जाणत्या खेळाडूने शिकविले आणि पुढे गेझा मारोत्सी नावाचे हंगेरीचे नामांकित उस्ताद लाभले. त्यांनी तिला सबुरीचा खेळ शिकविला. आधी आपला कोट पक्का करावा, उगीच धावून जाऊ नये, समोरच्याची चूक होईपर्यंत वाट पाहावी.

येथे खेळाविषयी चार शब्द सांगते. पांढऱ्या मोहऱ्या ज्याच्या, त्याची पहिली खेळी. काळ्याला सदा एक पाऊल मागून चालावे लागते, म्हणून बरोबरीच्या दोघांत काळ्याची बाजू थोडी अवघडच मानतात. काळी बाजू आली की व्हेरा पुष्कळदा फ्रेंच बचाव म्हणतात तो मांडी. त्यात काळा प्रथम आपले प्यादे एकच घर पुढे सरकवितो, अंग चोरून बसतो आणि मग हळूहळू उलट चाल करतो. आणखी एक गंमत. आपण ज्याला वजीर म्हणतो, त्या मोहऱ्याला युरोपात राणी म्हणतात. पटावर सर्वांत जबरदस्त असणारी तीच. पण त्या काळी पटाच्या कडेला खुर्चीवर बसणारे जवळजवळ सगळे पुरुषच.

१९२५ साली इंग्लंडच्या महिला विजेत्या एडिथ प्राइस यांच्याशी व्हेराचे दोन सामने झाले. दोन्ही तिने जिंकले. १९२७ साली लंडनला स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अकरा डावांपैकी दहा तिने जिंकले, एक बरोबरीत सुटला. एकवीस वर्षांची व्हेरा जगज्जेती झाली. ते पद तिने मरेपर्यंत सोडले नाही. हँबुर्ग, प्राग, फोकस्टोन, वॉर्सा, स्टॉकहोम, ब्युनोस आयरिस अशा पुढच्या सहाही स्पर्धा तिनेच जिंकल्या. सात स्पर्धांत मिळून ८३ डाव. त्यांतले ७८ जिंकले, ४ बरोबरीत, आणि हरला फक्त एक, १९३० साली हँबुर्गला. आधी रशियाच्या नावाने, मग चेकोस्लोव्हाकियाच्या आणि शेवटी इंग्लंडच्या नावाने ती खेळली. माहेर, आजोळ आणि सासर असे तिचे तीन झेंडे.

परंतु एवढ्यावर मी हा लेख लिहिला नसता. स्त्रियांत ती पहिली होती हे खरे. पण तिची खरी परीक्षा पुढेच होती. ती पुरुषांच्या पंगतीला जाऊन बसली.

१९२९ च्या एप्रिलात इंग्लंडमध्ये रॅम्सगेटला स्पर्धा झाली. कॅपाब्लांका, जो सहा वर्षे जगज्जेता होता, तो तेथे पहिला आला. त्याच्यामागे अवघ्या अर्ध्या गुणाने रुबिनस्टाइन आणि व्हेरा बरोबरीने दुसरी. या यशामुळेच असावे, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेचे तिला बोलावणे आले. कार्ल्सबाद हे तिच्या वडिलांच्या देशातले गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. जगातले निवडक बावीस खेळाडू, त्यांत एकवीस पुरुष आणि ही एकटी तेवीस वर्षांची बाई.

काही जणांना ते रुचले नाही. व्हिएन्नाचे अल्बर्ट बेकर नावाचे एक उस्ताद त्या मेळाव्यात होते. त्यांनी चेष्टेने असा प्रस्ताव मांडला की, जो कोणी या बाईकडून हरेल त्याला व्हेरा मेन्चिक क्लबचा सभासद करावे. सगळे हसले असतील. तिच्या कानावर ते गेले असेलच. तेथे तिच्या बाजूने उलटून बोलणारे कोण होते? तिने तरी काय करावे? ती आपल्या वेळेला जाऊन खुर्चीवर बसली.

आणि झाले काय, तर तिच्याकडून पहिले हरले ते बेकरच! पांढऱ्या मोहऱ्या व्हेराकडे होत्या, काळ्या बेकरांकडे. आजकाल खेळाडूंना आकड्यांनी मानांकन देतात, तसे तेव्हा नव्हते. पण असते तर बेकर कितीतरी वर असते आणि व्हेरा तळाशी. मोठ्या मानाच्या खेळाडूला लहान मानाच्या खेळाडूने हरविले, असा तो डाव. क्लब स्थापन करणारेच त्याचे पहिले सभासद झाले. मुलाने हे वाचून दाखविले तेव्हा मी इतकी हसले की सासूबाई आतून बघायला आल्या.

आता ही गोष्ट जेथे जेथे सांगतात तेथे येथेच थांबतात. मला मात्र पुढचे अधिक महत्त्वाचे वाटते. त्या स्पर्धेत व्हेराने बेकर आणि झेमिश या दोघांना हरविले, दोन डाव बरोबरीत सोडविले, आणि सतरा डाव ती हरली. सतरा! एकवीस डावांत तीन गुण, बाविसावा म्हणजे शेवटचा क्रमांक. जवळजवळ महिनाभर चाललेली स्पर्धा. सकाळी उठावे, नीटनेटके व्हावे, सभागृहात जावे, आणि बहुतेक दिवशी संध्याकाळी हरून परतावे. सगळ्यांचे डोळे आपल्यावर. ही उद्या येते की नाही, असे म्हणणारेही असतील. ती दुसऱ्या दिवशी येई आणि पट मांडून बसे. आम्ही बायका एखाद्या हळदीकुंकवात कोणी उणा शब्द बोलले, तर पुढच्या वर्षी त्या घराची पायरी चढत नाही. म्हणून तिचा विजयाचा दिवस मला आवडतो, पण ते सतरा दिवस मला अधिक मोठे वाटतात.

त्या वेळचे जगज्जेते अलेखिन तेथे वर्तमानपत्रासाठी लिहायला आले होते. त्यांनी मात्र आपल्या लेखात तिच्या गुणांची बाजू घेतली.

क्लबची थट्टा बंद पडली नाही, पण तिचा रोख बदलला. वर्षे गेली तशी सभासदांची यादी वाढू लागली. हॉलंडचे मॅक्स यूवे, जे पुढे १९३५ साली जगज्जेते झाले, ते तिच्याकडून दोनदा हरले. अमेरिकेचे रेशेव्हस्की हरले. इंग्लंडचे सर जॉर्ज थॉमस, येट्स, विंटर, अलेक्झांडर, कितीतरी जण. आपल्याकडचेही एक नाव त्या यादीत आहे. पंजाबातले मीर सुलतान खान. सर उमर हयात खान नावाच्या सरदारांनी त्यांना विलायतेला नेले होते आणि आपल्या देशी पद्धतीचा खेळ शिकलेल्या या गृहस्थांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. असे सुलतान खानही व्हेराकडून हरले. त्याच सरदारांच्या पदरी असलेली फातिमा नावाची मुलगी १९३३ साली ब्रिटिश महिला विजेती झाली, हेही जाता जाता सांगते. तिची हकीकत कोणी भगिनीने शोधून लिहावी.

तरीही व्हेराला मोठ्या स्पर्धांत वरचा क्रमांक क्वचितच मिळे. १९३५ साली तिला मॉस्कोचे बोलावणे आले. जेथून पंधराव्या वर्षी बाहेर पडावे लागले त्या जन्मगावी ती चौदा वर्षांनी जगज्जेती म्हणून गेली. एकोणीस डाव खेळली आणि अवघा दीड गुण मिळाला. पुन्हा शेवटची. त्याच वर्षी वॉर्साला स्त्रियांच्या स्पर्धेत नऊपैकी नऊ डाव जिंकली. या स्पर्धेत तिची बहीण ओल्गाही खेळली होती.

वॉर्साच्या त्या स्पर्धेला येताना एक भयंकर अपघात घडला होता. इंग्लंडच्या अॅग्नेस स्टीव्हन्सन या खेळाडू बाई पोझनानच्या विमानतळावर विमानाच्या फिरत्या पंख्यात सापडून गेल्या. त्यांचे पती रूफस स्टीव्हन्सन हे ब्रिटिश बुद्धिबळ संघटनेचे चिटणीस होते. पुढे १९३७ साली व्हेराने त्यांच्याशी विवाह केला. ते तिच्याहून अठ्ठावीस वर्षांनी मोठे. लोकांनी काय म्हटले असेल ते असो. दोघांचे जीवन एकाच खेळात गुंतलेले होते, आणि बुद्धिबळ शिकवून, व्याख्याने देऊन ती स्वतःही मिळवीत होती. त्या विवाहाने ती इंग्लंडची नागरिक झाली.

१९३९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिण अमेरिकेत ब्युनोस आयरिसला ऑलिंपियाड आणि स्त्रियांची जागतिक स्पर्धा भरली. तेथे जर्मनीच्या सोन्या ग्राफ यांच्याशी तिचा डाव पडला. सोन्या फार हुशार. जर्मनीच्या राज्यकर्त्यांशी न पटल्यामुळे त्या कुठल्याही देशाचे नाव न लावता खेळत होत्या. त्या डावात व्हेरा जवळजवळ हरलीच होती. पण सोन्याकडून चुका झाल्या आणि डाव फिरला. आपल्या उस्तादांनी शिकविलेली ती वाट पाहाण्याची विद्या येथे कामाला आली. एकोणीसपैकी सतरा डाव जिंकून, दोन बरोबरीत सोडवून व्हेराने सातव्यांदा पद राखले.

स्पर्धा चालू असतानाच १ सप्टेंबरला युरोपात महायुद्ध पेटले. पुष्कळ खेळाडू परत गेलेच नाहीत, अर्जेंटिनातच राहिले. सोन्या ग्राफ राहिल्या. जर्मन संघातून आलेले अल्बर्ट बेकरही तेथेच राहिले. होय, तेच कार्ल्सबादचे बेकर. ते तेथे पुढे पंचेचाळीस वर्षे जगले. व्हेरा मात्र लंडनला परतली. घर तेथे होते, आई तेथे होती, बहीण तेथे होती.

लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्र निघाले होते. त्याची व्यवस्था व्हेरा पाहात असे. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ते जळून गेले. युद्ध चालू असतानाही ती खेळत राहिली, शिकवीत राहिली. १९४२ साली जुने उस्ताद मीझेस यांच्याशी दहा डावांचा सामना खेळून तिने जिंकला. १९४३ साली पती वारले. मूलबाळ नव्हते. क्लॅपम भागात गॉडेन रोडवरच्या घरी आई, बहीण आणि ती, अशा तिघी एकत्र राहू लागल्या. हेस्टिंग्जला आल्या होत्या त्याच तिघी.

१९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी लंडनवर एक नवे अस्त्र सोडायला सुरुवात केली. आत माणूस नसलेले, आपोआप उडत येऊन कोसळणारे बॉम्ब. घरघर ऐकू येई, ती थांबली की समजावे, खाली येत आहे. २६-२७ जूनच्या रात्री त्यातला एक या घरावर पडला. तिघी तळघरात आसऱ्याला गेल्या होत्या. तिघीही गेल्या. बागेत हल्ल्यापासून बचावाचा जो निवारा केलेला होता, तो जसाच्या तसा राहिला, असे सांगतात. हे वाचून दाखवितानाच मुलगा मध्येच थांबला आणि मीही पुढचे लगेच विचारले नाही.

व्हेरा अडतीस वर्षांची होती. तिची पदके, चषक, डाव लिहून ठेवलेल्या वह्या, सारे त्या घरात नाहीसे झाले. जगज्जेतेपद पाच-सहा वर्षे रिकामेच राहिले. १९४९-५० च्या हिवाळ्यात त्यासाठी स्पर्धा झाली ती तिच्या जन्मगावी, मॉस्कोला, आणि रशियाच्या रुदेन्को विजयी झाल्या. १९५७ साली हॉलंडमध्ये एमेन येथे स्त्रियांचे पहिले ऑलिंपियाड झाले, आणि विजयी संघाच्या चषकाला व्हेराचे नाव दिले. तोच हा चषक, जो आपल्या मुलींनी आणला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, आपली दिव्या स्त्रियांचा विश्वचषकही जिंकून आली.

घरचे कागद गेले तरी व्हेराचे पुष्कळ डाव वाचले आहेत, कारण स्पर्धांची पुस्तके छापलेली होती आणि समोरच्यांनीही आपापल्या खेळ्या लिहून ठेवल्या होत्या. हरलेल्यांच्या वह्यांतूनही ती शिल्लक राहिली. बेकरशी झालेला डावही त्यांत आहे. मागच्या दिवाळीच्या सुटीत मुलाने तो मला पटावर मांडून दाखविला. व्हेराच्या पांढऱ्या मोहऱ्या त्याने स्वतःकडे घेतल्या आणि मला पलीकडे बेकरांच्या जागी बसविले. मी म्हटले, अरे, मला तिच्या बाजूला बसू दे. मग आम्ही पट फिरवून घेतला. एकेक खेळी तो वाचून सांगे आणि मी ती करी. मध्ये सुनबाई चहाचे दोन कप आणून ठेवून उभी राहिली होती. तिलाही मी शेजारी बसवून घेतले आणि घोडा कसा चालतो ते दाखविले. डाव संपेपर्यंत दोन्ही कप निवून गेले होते.